दोन्ही बार एकदम

सेक्टर १५, चंदीगड
रविवार, १९ फेब्रुवारी १९८९

सन्माननीय व्याहीबुवा श्री. नंदकुमारराव यांस (आधी 'भावी व्याही' असं लिहिलं होतं, पण 'भावी' हा शब्द हल्ली माझ्या जिवाला घोर लावतो, म्हणून दुसरा कागद घेतला), विश्वनाथचा आदरपूर्वक नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? सौ. सुहासिनीवहिनींचं पित्त उतरलं का? कऱ्हाडची थंडी आता ओसरली असेल. इकडे सर्व क्षेम आहे. हे वाक्य पत्रात लिहायचंच असतं, पण या खेपेला ते मी विचार करून, आमच्या सौ. पद्मिनीला वाचून दाखवून लिहिलं आहे. मी घरी आहे, माझ्या स्वतःच्या खुर्चीत आहे आणि पायात माझ्याच चपला आहेत. (चपलांचं पुढे येईल.) गेल्या रविवारच्या फोननंतर माझ्याकडून काहीच कळलं नाही म्हणून आपण काळजीत असाल, कदाचित रागावलाही असाल. मुलीकडच्यांनी असं गप्प बसणं बरं दिसत नाही, हे मलाही कळतं. पण मधल्या दिवसांत गप्प बसणं ही केवढी मोलाची गोष्ट आहे हे मी शिकलो, आणि शिकलो तेही उशिरा. ते सगळं सांगतो. पत्र लांबेल. आपण निवृत्त मुख्याध्यापक आहात, असले लांब निबंध आपण जन्मभर तपासलेत, तेव्हा हाही शेवटपर्यंत वाचावा ही विनंती. शेवट वाचल्याशिवाय ठेवू नये.

फोन मी आमच्या मार्केटातल्या एसटीडीच्या बूथवरून केला होता, आणि लाइन अशी होती की आपण विहिरीत उतरून बोलताहात असं वाटत होतं. त्यामुळे मी ओरडत होतो. (एरवी मी ओरडत नाही. विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवतो, आणि दगडांशी बोलायला आवाज चढवावा लागत नाही.) आपण म्हणालात, पंजाबची सध्याची हवा बघता आपल्याकडची माणसं साखरपुड्याला एकदा आणि लग्नाला एकदा अशी दोनदा जीव मुठीत धरून इकडे यायला तयार नाहीत. हे रास्तच होतं. त्यावर कुठल्याही मराठी बापाच्या तोंडी येईल तेच माझ्या तोंडी आलं: "मग दोन्ही बार एकदमच उडवू. इथंच, चंदीगडात. माणसं जमली की झालं." मग आपण ती अट सांगितलीत, की लग्नानंतर सुमेधानं वकिली करायची नाही, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, आणि शहाण्याच्या सुनेनं तर नाहीच नाही. आणि मी, लाइन तुटेल या भीतीनं आणि ठरत आलेलं लग्न मोडेल या त्याहून मोठ्या भीतीनं, ओरडलो: "वकिली बंद. पक्का. ते माझ्याकडे लागलं."

(एक मिनिट. खाली जीप थांबली. बघून येतो.)

आमच्यासाठी नव्हती, आणि जीपही नव्हती. समोरच्यांच्या गॅसचा टेम्पो होता. तर, माझ्या मागे रांगेत एक गृहस्थ उभे होते. त्यांना लुधियान्याला बहिणीशी बोलायचं होतं, आणि मी गुडघा, पित्त, हॉल, आचारी असं यथासांग बोलत बसल्यामुळे ते मेटाकुटीला आले होते. त्यांना मराठी येत नव्हतं. पण भाषा येत नाही म्हणून ती कळायची कुणाची थांबत नाही. व्याहीबुवा, आपण आयुष्यभर मराठी शिकवलीत. क्षणभर ती विसरा आणि ते वाक्य हिंदीच्या कानानं ऐका. त्यांनी ऐकलं, "दोनों बार उड़ाएँगे." म्हणजे दोन्ही वेळा उडवणार. चंदीगडातच. माणसं जमली की. शिवाय एका वकिलाला बंद करायचं आहे, तेही पक्कं. इथे बसस्टँडवर कुणाचा विसरलेला डबा दिसला तरी लोक लांब पळतात. त्या गृहस्थांच्या जागी मी असतो तर मीही पोलिसांना कळवलंच असतं, आणि बहिणीला मागाहून फोन केला असता.

सोमवारी दुपारी मी विभागातून घरी येत होतो, खांद्याला नेहमीची झोळी. जीपमधून दोन पोलीस उतरले आणि फार नम्रपणे म्हणाले, प्रोफेसर साब, थोड़ी पूछताछ करनी है. आता पूछताछ म्हणजे चौकशी, आणि चौकशी म्हणजे आपल्याकडे आपुलकी. पाहुण्याची करतात, आजाऱ्याची करतात. मी म्हटलं, चला. (इथे पहिला धडा, आणि तो आपण नीट वाचावा. असं कुणी दारी आलं तर आधी विचारायचं: मला अटक करताय, की नुसतं विचारायला आलाय? अटक असेल तर कारण सांगायला ते बांधील आहेत. हे राज्यघटनेत लिहिलेलं आहे, कुणाची मेहेरबानी नाही. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मी त्यांना उलट विचारलं की वाटेत चहा घ्यायचा का.) ठाण्याच्या दारात वाळूची पोती रचलेली, पोत्यांमागे बंदूकवाला शिपाई. मी उंबऱ्याशी चपला काढल्या. का काढल्या ते विचारू नका. घाबरलेल्या माणसाचं शरीर लहानपणी शिकवलेलंच करतं. बंदूकवाला माझ्या पायांकडे बघत राहिला. हा माणूस मुक्कामाला आलाय असं त्याला वाटलं असावं.

इन्स्पेक्टर रंधावा माणूस वाईट नाही. डोळे जागरणानं तांबारलेले, मागच्या भिंतीवर एका तरुण शिपायाचा हार घातलेला फोटो. त्यांनी माझी झोळी टेबलावर उपडी केली. हातोडा, छिन्नी, आणि पिंजौरच्या टेकड्यांचा नकाशा, त्यावर तांबड्या पेन्सिलीच्या फुल्या. हे काय, म्हणाले. मी खरं तेच सांगितलं: जिथे हाडं सापडली तिथे फुली. कुणाची हाडं? हत्तीची. हत्ती कुणी मारला? मी म्हटलं, कुणी नाही जी, आपोआप मेला, वीस लाख वर्षं झाली. त्यांनी लिहून घेणाऱ्या हवालदाराकडे पाहिलं. हवालदार लिहीत होता. मग विचारलं, पिंजौरला ओळखीचं कोण राहतं? मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, होणारा जावई, कारखान्यात इंजिनिअर आहे, हेरंब नाव. (आपल्या चिरंजीवांचं नाव मीच दिलं, चूक झाली. पण माझ्या तोंडाला त्या दिवशी झाकणच नव्हतं. इथे दुसरा धडा: स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावर करता येत नाही. जिथं उत्तर आपल्याच गळ्यात येईल तिथं गप्प बसण्याचा हक्क आहे. आपल्यासारख्या शिकवणाऱ्या माणसांना तो बजावणं फार अवघड जातं. प्रश्न आला की आपण सोदाहरण स्पष्टीकरण द्यायला लागतो.)

मग मुद्द्याचा प्रश्न आला. "पहली बार क्या उड़ाया था?" मला प्रश्नच कळेना. मी म्हटलं, अजून काहीच नाही, दोन्ही एकदमच उडवायचे आहेत. व्याहीबुवा, हे वाक्य तोंडातून सुटलं आणि खोलीतला पंखासुद्धा ऐकायला थांबला असं मला वाटलं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी घाईघाईनं म्हणालो, नहीं जी, बार मतलब शादी. रंधावांचा चेहरा जरा सैल झाला. "बारात?" बुडत्याला काडीचा आधार. मी म्हटलं, हां जी, वही, बारात. ते पुढे वाकले. "तो बारात को उड़ाना है?" आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मी अर्धा तास मराठी म्हणी हिंदीत समजावत होतो, आणि आपली भाषा किती दारूगोळ्यानं भरलेली आहे हे मला पहिल्यांदाच कळलं. आपण धुव्वा उडवतो, खिल्ली उडवतो, धांदल उडवतो. काही न उडवता आपल्याला बोलताच येत नाही.

हवालदारानं लिहिलेला तो सगळा कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि सही करा म्हणाले. मी पेन काढलं. (खिशातलं पेन त्यांनी घेतलं नव्हतं, बघा. एवढी चूक त्यांनी केली.) इतक्यात सुमेधा आली. आमच्या गल्लीतल्या धोब्यानं मला जीपमध्ये चढताना पाहिलं होतं. त्यानं पद्मिनीला सांगितलं, आणि पद्मिनी तशीच पिठाच्या हातांनी रिक्षा करून सेक्टर सतराच्या कोर्टात गेली. सुमेधा काळा कोट घालूनच आली. ही माझी मुलगी, जिच्यासाठी मी परवापर्यंत शाळेच्या बसपाशी उभा राहत असे. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. रंधावांना विचारलं, वडिलांना अटक झाली आहे का? असेल तर कारण सांगा, मला त्यांच्याशी एकट्यानं बोलू द्या, आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा. नसेल तर मी त्यांना घरी नेते. आणि न बघताच मला म्हणाली, पोलिसांनी अशा घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, बाबा, पेन खिशात ठेवा. रंधावा म्हणाले, "गिरफ़्तार कित्थे कीता मैडम जी, असीं तां गल्लां कर रहे सी." अटक कुठली, नुसत्या गप्पा मारत होतो म्हणे. मी पेन खिशात ठेवलं. टोपण लावायचं राहिलं, शर्ट निळा झाला, तो अजून निघालेला नाही.

तरी मला सोडायच्या आधी रंधावांनी एक शंका काढली, आणि ती त्यांच्या बाजूनं बरोबरच होती. लग्नाचं मानलं, हत्तीचंही मानलं. पण ज्या वकिलाला बंद करायचं पक्कं झालं होतं, तो वकील कोण? मी गप्प बसलो. (हक्क मला नुकताच कळला होता.) त्यांनी पुन्हा विचारलं. सुमेधाही म्हणाली, बाबा, हे सांगून टाका, यात काही नाही. तेव्हा मी बोट दाखवलं. तिच्याकडे.

आपली अट, आणि मी फोनवरून दिलेला शब्द, माझ्या मुलीला असा, आरोपपत्रासारखा, पोलीस ठाण्यात कळला. मी घरी सांगणार होतो. योग्य वेळ बघत होतो. रंधावांनी आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या नजरेत त्या दिवसात प्रथमच माझ्याविषयी खरा संशय होता. मला फार वाईट वाटलं, नंदकुमारराव. लाज वाटली असंच म्हणायला हवं.

बाहेर आलो तर उंबऱ्याशी चपला नव्हत्या. बाकावर एक म्हातारे सरदारजी बसले होते, त्यांनी पायाखालून काढून दिल्या. कुणी पळवू नये म्हणून सांभाळून ठेवल्या होत्या. गुरबचनसिंग नाव, जवळच्या खरड गावचे शिंपी. त्यांच्या मुलाला दुकानातून उचलून नेलं होतं आणि ते रोज येऊन त्या बाकावर बसत. मुलगा इथे आहे म्हणून कुणी सांगेना, नाही म्हणूनही सांगेना. सुमेधा आत जे बोलली ते त्यांनी दारातून ऐकलं होतं. ते उठून तिला म्हणाले, "पुत्तर, एह गल्ल मेरे मुंडे नूं वी कोई दस देवे." ही गोष्ट माझ्या मुलालाही कुणी सांगावी. मी चपला घातल्या आणि रस्त्यावर आलो. मला पळायचं होतं, खरं सांगतो. सुमेधा त्यांच्या शेजारी बाकावर बसली. मुलाचं नाव, वय, कुठला शर्ट घातला होता, सगळं विचारत राहिली. मी फाटकाशी उभा. ये ना गं, म्हणत होतो. ती आली नाही. तो बंदूकवाला शिपाई एकदा मला बघे, एकदा तिला.

मंगळवारी तिनं त्या मुलाला हजर करा म्हणून कोर्टात अर्ज घातला. आमच्याकडे एक वेगळा कायदा आहे, त्यात जामीन सहसा मिळत नाही आणि पोलिसांच्याच मोठ्या साहेबापुढे दिलेला कबुलीजबाबही पुरावा म्हणून चालतो. त्यामुळे मोठमोठे वकीलही अशा प्रकरणाला हात लावताना अंग चोरतात. तिला सगळ्यांनी सांगितलं, तू नवी आहेस, तुझं लग्न ठरलंय. शुक्रवारी त्या मुलाला कोर्टात आणलं. सुटलेला नाही, पुढे काय होईल ते कुणी सांगू शकत नाही. पण तो आहे, एवढं दिसलं. मीही गेलो होतो, मागे उभा होतो. गुरबचनसिंगांनी कोर्टाच्या पायरीवर मुलाला पाहिलं आणि तिथेच खाली बसले. मुलानं त्यांना हाक मारली, "बापूजी, रोटी खाधी?" जेवलात का, एवढंच. तेव्हापासून मला आपली ती पायरीची म्हण आठवते आणि झोप लागत नाही.

हेरंब त्याच संध्याकाळी पिंजौरहून बसनं आला होता. त्याला मी अटीचं सांगितलं. तो म्हणाला, बाबा असं म्हणाले? मग चहा संपवला, कपही स्वतः विसळला, आणि सुमेधाशी बाहेर व्हरांड्यात बोलत बसला. काय बोलले ते मला कळलं नाही. मी ऐकायचा प्रयत्न केला, पण पद्मिनीनं खिडकी लावून घेतली.

असो. आपल्याला नाहक इतका मजकूर वाचायला लावला. हॉल मे महिन्यासाठी बोलून ठेवला आहे, आचारीही. तब्येतीला जपावं. सौ. वहिनींस नमस्कार. लोभ होता तेवढा तरी राहू द्यावा.

आपला,
विश्वनाथ

ता. क. एक बारीकसं राहिलं. माझी फाइल बंद करायची तर फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं हे तपासावं लागतं, असं रंधावा म्हणतात. एक सब-इन्स्पेक्टर पुढच्या आठवड्यात गुरुवारी, २ मार्चला, इथून निघतोय. कऱ्हाडला, आपल्याकडे. पत्ता मीच दिला (तो पहिल्याच पाच मिनिटांत दिला होता, सुमेधा यायच्या आधी). घाबरू नये. वर जे धडे लिहिले ते आपल्यासाठीच होते. कृपया परत एकदा वाचावेत. आपल्याला चौकशीसाठी चंदीगडला बोलावता येत नाही, म्हणून तर तो येतो आहे. सौ. वहिनींना ठाण्यात बोलावता येत नाही, विचारायचं ते घरीच विचारावं लागतं. जबाबावर सही करू नये. आणि हात जोडून सांगतो, त्यानं 'बार' म्हणजे काय असं विचारलं तर बंदुकीचा बार, तोफेचा बार, तंबाखूचा बार अशी उदाहरणं देऊ नयेत. 'लग्न' म्हणावं आणि थांबावं. आपल्याला थांबणं जड जाईल.

ता. क. दुसरा. (हे मी पद्मिनी लिहिते आहे.) भावोजी, नमस्कार. ह्यांनी वर सगळं थट्टेत लिहिलंय. सोमवारपासून धड जेवलेले नाहीत. जीप वाजली की उठतात. ठाण्यातून आल्यावर सुमेधाच्या खोलीबाहेर बसून होते, आत जायचा धीर होईना. शेवटी तीच बाहेर आली आणि ह्यांना जेवायला वाढलं. मुलगी तुमच्याकडे येणार म्हणून तुम्हाला सांगते.

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे एवढ्यासाठीच हे पत्र. कऱ्हाडला त्या वेळी आपल्या बाजूनं बोलायला वकील हवा, तो निवडायचा हक्क आपल्याला आहे. सगळं प्रकरण ठाऊक असलेली, हिंदी-पंजाबी-मराठी तिन्ही येणारी वकील एकच आहे. ती त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, निघायला तयार आहे. फी घेणार नाही. फक्त विचारते आहे, की तिनं वकील म्हणून यायचं की होणारी सून म्हणून. कारण आपल्या अटीप्रमाणे दोघी एकदम येऊ शकत नाहीत. अट तिला मान्य आहे का, असं मी विचारलं, तर म्हणाली, बाबा, त्याचं उत्तर देण्याची सक्ती माझ्यावर करता येत नाही.

आपण मात्र गप्प राहू नये. तारेनं कळवावं, एका शब्दात. 'बार' सोडून कुठलाही चालेल.